वाचकांचे प्रश्न : शंभर वर्षे झोपलेली राजकन्या आणि आजची कादंबरी

जुनी परीकथा नव्याने सांगणाऱ्या कुमारवयीन फँटसी कादंबऱ्यांविषयी या सदरात मागे दोन-चार वाक्ये लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच नाशिकची आहेत आणि योगायोगाने त्यांतील बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती, म्हणजे झोपी गेलेल्या राजकन्येभोवती, फिरतात. त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून तिने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली आणि ती दिवसरात्र त्यात बुडालेली असते. मी चाळून पाहिली. गोष्ट झोपलेल्या राजकन्येचीच आहे, पण जागी झाल्यावर ती राजपुत्राला 'मला न विचारता तू स्पर्श का केलास' असे विचारते, वाड्यात मरून पडलेल्या माणसांची वर्णने आहेत, आणि शाप देणारी चेटकीण शेवटी तिची सोबतीण होते. मूळ गोष्ट किती गोड होती! तिची अशी मोडतोड केलेली पुस्तके मुलींना वाचू द्यावीत का?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील 'मूळ गोष्ट' हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आपल्या प्रश्नाची गाठ तेथेच आहे. मूळ गोष्ट नेमकी कोणती?

छापील स्वरूपात जी जुनी रूपे हाती लागतात, त्यांत जाम्बात्तिस्ता बाझिले या नेपल्सच्या लेखकाचा कथासंग्रह महत्त्वाचा आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील तालिया नावाच्या मुलीच्या नखात जवसाच्या वाखाची कूस जाते आणि ती निपचित पडते. शिकारीला आलेला राजा तिच्यावर झोपेतच बळजबरी करतो आणि निघून जातो. तिला झोपेतच जुळी मुले होतात. त्यांतील एक मूल दूध शोधता शोधता तिचे बोट चोखते, कूस निघते आणि ती जागी होते. राजा विवाहित असतो आणि त्याची राणी त्या मुलांना शिजवून त्यालाच वाढण्याचा घाट घालते. ही गोष्ट कोणत्याही अर्थाने गोड नाही.

त्यानंतर १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरॉ यांनी ती सांगितली. त्यांनी बळजबरी काढून टाकली. त्यांच्या कथेत चुंबनही नाही. शंभर वर्षे भरलेली असतात, राजपुत्र तिच्याजवळ गुडघे टेकतो आणि ती आपोआप डोळे उघडते. मात्र पेरॉ तेथे थांबत नाहीत. लग्नानंतर कळते की राजपुत्राची आई राक्षसकुळातील आहे आणि या सासूबाईंना आपली नातवंडे, तीही खास रश्शात घोळवून, खायची आहेत. पुढे १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी सासूचा हा सगळा उत्तरार्ध बाजूला ठेवला, चुंबन घातले आणि लग्नाशी गोष्ट संपवली. आपण व मी लहानपणी ऐकली ती हीच. पावणेदोनशे वर्षांच्या काटछाटीनंतर जे उरले, त्याला आपण मूळ म्हणतो.

हे सांगण्याचा हेतू आपल्या आठवणीतील गोडव्यावर पाणी ओतण्याचा नाही. कादंबरीतील ज्या प्रश्नाने आपण दचकलात, तो लेखिकेने बाहेरून आणून चिकटवलेला नाही, एवढेच दाखवायचे होते. झोपलेल्या मुलीला कोणी विचारले होते का, हा प्रश्न बाझिलेच्या राजापासून या गोष्टीच्या पोटात पडून आहे. पेरॉ यांनी त्याला वळसा घातला आणि ग्रिम बंधूंनी त्यावर चुंबनाचा पडदा टाकला. आजची चांगली कादंबरी तो पडदा उचलते. शाप देणारीचेही तसेच आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत राज्यात तेरा जाणत्या स्त्रिया असतात, पण राजाकडे सोन्याची ताटे बाराच असल्यामुळे तेरावीला बोलावलेच जात नाही. एका ताटापायी एका बाईचा अपमान झाला आणि त्याचा भार एका तान्ह्या मुलीने शंभर वर्षे वाहिला. त्या तेराव्या स्त्रीची बाजू कोणाला ऐकावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

आता वाचू द्यावे की नाही. माझ्या मते द्यावे, परंतु डोळे झाकून नव्हे. या प्रकारच्या कादंबऱ्यांचे पीक उदंड आहे आणि त्यांतील पुष्कळ सुमार आहेत. नायिकेच्या हाती तलवार द्यायची, राजपुत्राला मूर्ख ठरवायचे आणि रक्ताचे सडे घालायचे, की झाले पुनर्कथन, असा अनेकांचा समज दिसतो. मृत्यूची वर्णने गोष्टीला पुढे नेतात की केवळ अंगावर काटा आणण्यासाठी पेरली आहेत, हे आपल्याला पन्नास पानांत कळेल. माझी खरी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. काही कादंबऱ्यांत सोळा वर्षांची मुलगी आणि शेकडो वर्षे जगलेला, तिला कोंडून ठेवणारा, धमकावणारा पुरुष यांचे नाते मोठे प्रेम म्हणून रंगवलेले असते. तसे काही आढळले तर पुस्तक काढून घेऊ नये, पण त्याविषयी मुलीशी मोकळेपणाने बोलावे. आपल्या मुलीच्या हातातील कादंबरी तर, आपण दिलेल्या वर्णनावरून, नेमकी उलट दिशेची दिसते. आपण तिला आपली गोड गोष्ट सांगावी, तिने आपल्याला तिची सांगावी, आणि मग दोघींनी मिळून ठरवावे की राजपुत्राने काय करायला हवे होते. पेरॉ आणि ग्रिम या दोघांच्याही कथेत तो आला तेव्हा शंभर वर्षे भरलेलीच होती. त्याच्या आधी आलेले राजपुत्र ग्रिमांच्या कथेत काट्यांत अडकून मेले, कारण ते लवकर आले. या पराक्रमी वीराचे सारे कर्तृत्व वेळेवर पोहोचण्यात होते, हे तिला सांगितले तर ती नक्की हसेल.

प्रश्न : माझी नात अकरा वर्षांची आहे. तिची आई गेली आणि गेल्या वर्षी मुलाने दुसरे लग्न केले. सूनबाई चांगल्या आहेत, मुलीवर जीव लावतात. नातीला वाचनाची आवड आहे, पण परीकथा जुनी असो वा नवी, सावत्र आई दुष्टच! ही पुस्तके तिच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती माळ्यावर टाकली आहेत. बरोबर केले का?
— एक आजोबा, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : आपली काळजी मनापासून समजते. तरीही पुस्तके माळ्यावरून खाली काढावीत, अशी माझी विनंती आहे, कारण लपवलेली गोष्ट मुले अधिक खरी मानतात.

नातीला एक माहिती जरूर सांगावी. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सावत्र आई नाही. ती तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आले. घराघरांत, मुलांसमोर वाचायच्या पुस्तकात जन्मदात्री इतकी क्रूर असावी, हे त्या काळाला मानवणारे नव्हते. म्हणून सख्खी आई सुरुवातीलाच मरते आणि तिचे सारे पाप दुसऱ्या बाईच्या खात्यावर टाकले जाते. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'मध्येही नंतरच्या आवृत्तीत हाच बदल झाला. सावत्र आई दुष्ट ठरली ती संपादकाच्या लेखणीमुळे, हे अकरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगितले तर चांगले समजते.

आपल्याकडे हाच दोष सवतीच्या माथी मारलेला आढळतो. श्रावणातल्या कहाण्यांत आटपाट नगराच्या राजाला आवडती आणि नावडती अशा राण्या असतात आणि एकीने दुसरीचा जाच करायचा, हे ठरलेले असते. 'सापत्न' हा शब्दच 'सपत्नी'वरून, म्हणजे सवतीवरून आला आहे. एकीकडे 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणारे आपण, आईच्या जागी आलेल्या बाईसाठी मात्र एकही चांगली म्हण तयार करू शकलो नाही, याची मला नेहमी खंत वाटते. राणीच्या बाजूने हिमगौरीची गोष्ट सांगणाऱ्या काही कादंबऱ्या अलीकडे लिहिल्या गेल्या आहेत. नात तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर तशी एखादी तिला द्यावी, सूनबाईंनीही वाचावी.

प्रश्न : मी शाळेचे ग्रंथालय सांभाळतो. परीकथेवरील कादंबऱ्या बालविभागात ठेवाव्यात की मोठ्यांच्या? त्यांना भाषांतर म्हणावे, रूपांतर म्हणावे, की आणखी काही?
— एक शिक्षक, सिडको, नाशिक

उत्तर : दुसऱ्या भाषेतील मजकूर आपल्या भाषेत जसाच्या तसा आणला तर ते भाषांतर. स्थळ, काळ, माणसे बदलून तीच कृती आपल्या मातीत रुजवली तर ते रूपांतर. गोष्टीचा सांगाडा ठेवून, पण तिच्याशी वाद घालत ती वेगळ्या नजरेने सांगितली तर ते पुनर्कथन. सीमारेषा पुसट आहेत, त्यामुळे नोंदवहीत 'कादंबरी' लिहिले तरी चालेल.

कपाटाविषयी मात्र ठाम मत आहे. या पुस्तकांसाठी कुमारांचे स्वतंत्र कपाट असावे, आणि ते बालविभागाला लागून नसावे, कारण आठवीतला मुलगा 'लहान मुलांच्या' कपाटापाशी उभा राहत नाही. ग्रिमांच्या कथेत राजकन्येला सूत कातण्याची चाती टोचते ती ती पंधरा वर्षांची होते त्या दिवशी. पंधराव्या वर्षाची ही गोष्ट आपण पाच वर्षांच्या मुलांच्या कपाटात ठेवत आलो.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि मराठीत फँटसी कादंबरी लिहीत आहे. गोदावरीकाठच्या एका वाड्यातली मुलगी शापाने झोपते आणि खूप वर्षांनी जागी होते, अशी कल्पना आहे. तीस पाने झाली. आमचे सर म्हणाले, 'परदेशी गोष्ट कशाला उचलतेस? आपल्या गोष्टी संपल्या का?' तेव्हापासून लेखणी थांबली आहे. शिवाय सूत कातण्याचे चाक, गुलाबाचे काटेरी कुंपण हे सगळे इथे कसे बसवायचे, तेही कळत नाही. नायिकेला मी तलवारबाजी शिकवली आहे.
— एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : तुझ्या सरांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर ते समजतात तसे नाही. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हा कथासंग्रह निघाला. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने ॲना लिबेराटा डिसोझा या आपल्या आयेकडून ऐकलेल्या या गोष्टी, आणि ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. त्यात सूर्याबाईची गोष्ट आहे. गवळणीच्या तान्ह्या मुलीला गरुड उचलून नेतात आणि उंच झाडावरच्या घरट्यात वाढवतात. तिच्या मागावर आलेल्या राक्षसाचे नख दाराच्या फटीत मोडून अडकते. सकाळी दार उघडताना ते तिच्या हातात रुतते आणि ती मेल्यासारखी पडते. मग एक राजा येतो आणि तिच्या हातातले नख काढतो. तो चुंबन घेत नाही, काटा काढतो! पुढे थोरली राणी तिला तळ्यात ढकलते, तिचे सोनेरी फूल होते, फूल जाळले तर त्या राखेतून आंब्याचे झाड येते. टोचून झोपणाऱ्या मुलीची गोष्ट दख्खनच्या आज्यांना ठाऊक होती. ती कोठून कोठे गेली, हा अभ्यासकांचा विषय. तू ती लिहिलीस तर परक्याच्या घरातून काही उचललेस असे होत नाही. आणि समजा, उचललेस, तरी काय बिघडले? नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची गडद छाया आहे. अप्पासाहेब बेलवलकरांना कोणी परदेशी म्हणत नाही.

आता चाकाविषयी. एखादी वस्तू बदलण्याआधी ती गोष्टीत काय काम करते, हे पाहावे. शापाची बातमी कळताच राजा राज्यातल्या सगळ्या चात्यांवर बंदी घालतो. ग्रिमांच्या कथेत तर त्या जाळायला लावतो. त्यामुळे मुलीने चाती कधी पाहिलेलीच नसते आणि म्हणूनच म्हातारीच्या हातातली ती गरगर फिरणारी वस्तू पाहून तिला हात लावावासा वाटतो. बापाच्या संरक्षणानेच तिचा घात होतो. म्हणजे तुला अशी वस्तू हवी, जी सर्वांच्या घरात असते आणि फक्त तिच्यापासून लपवलेली असते.

ती शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते. हातमाग, धोटा, रेशमाच्या कांड्या हे तेथील घराघरातले शब्द आहेत. एकदा तेथे जा, मागावर बसलेल्या माणसाशेजारी तासभर बस आणि मग स्वतःला असे विचार : ज्या राज्यात एका मुलीसाठी सगळ्यांच्या चात्या जाळल्या गेल्या, तेथे पंधरा वर्षे कातणाऱ्या बायकांनी काय खाल्ले? मागाला सूत कोठून आले? पेरॉ यांना हा प्रश्न पडला नाही, ग्रिम बंधूंनाही नाही. तुझ्या कादंबरीची बी येथे आहे, असे मला वाटते. पुनर्कथन म्हणजे राजकन्येला तलवार देणे नव्हे. जुन्या गोष्टीत न विचारलेला एक प्रश्न शोधायचा आणि कादंबरीभर त्याचा पिच्छा सोडायचा नाही. तुझी तलवारबाजी त्या प्रश्नाच्या कामी येत असेल तर राहू दे, नाही तर म्यान कर.

गुलाबाच्या कुंपणाची तू उगाच चिंता करतेस. ग्रिमांच्या नायिकेच्या नावाचा अर्थच 'काटेगुलाब' असा आहे, आणि नाशिकचे मोगल काळातले नाव होते गुलशनाबाद, फुलांचे शहर! दुसऱ्या कोणत्या गावात ही गोष्ट इतकी चपखल बसेल? गुलाब नको असेल तर ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावरची करवंदाची जाळी आहेच. तीत अडकलेल्या राजपुत्राची दशा वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

बारशाला येणाऱ्या पऱ्यांऐवजी सटवाईचा विचार केलास का? बाळाच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर नशीब लिहिते, म्हणून त्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तुझ्या आजीला विचार, ती अधिक नेमके सांगेल. परीच्या शापापेक्षा हे फार अवघड, कारण परीचा राग समजतो. सटवाईला राग नसतो, ती फक्त लिहिते. लिहिलेले तिलाही खोडता येत नाही, असा नियम तू केलास, तर तो शेवटच्या पानापर्यंत पाळ. फँटसीत काहीही घडू शकते, असे ज्यांना वाटते त्यांच्या कादंबऱ्या शंभराव्या पानावर कोसळतात.

शंभर वर्षांचे मापही तू नाशिकचे करू शकतेस. नऊ सिंहस्थ भरतील तेव्हा ती जागी होईल, असे लिहिले गेले असेल तर? लोकांच्या हिशेबात नऊ बारे एकशे आठ, जपमाळेतल्या मण्यांइतकी वर्षे. पण गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला बारा वर्षे लागत नाहीत, सुमारे ११.८६ वर्षे लागतात. नऊ फेऱ्यांत सव्वा वर्षाचा फरक पडतो. वाड्यातले सगळे १०८ वर्षांची वाट पाहत बसले आहेत आणि मुलगी सव्वा वर्ष आधीच, कोणीही तयारीत नसताना, डोळे उघडते. मला हे प्रकरण वाचायला आवडेल.

जागे झाल्यानंतरच्या भागाला सर्वाधिक पाने दे. ग्रिमांच्या कथेत आईवडील, घोडे, भिंतीवरच्या माशा सगळे तिच्याबरोबर झोपतात आणि एकदमच जागे होतात. आचाऱ्याने पोऱ्याला मारण्यासाठी उगारलेला हात शंभर वर्षांनी त्याच्या कानाखाली बसतो. ते मजेदार आहे, पण त्यात काही गमावलेले नाही. पेरॉ यांच्या कथेत मात्र परी राजा-राणीला झोपवत नाही. ते झोपलेल्या मुलीचा निरोप घेतात, निघून जातात आणि कालांतराने मरतात. ती जागी होते ती पोरकी. पेरॉ यावर एक शब्दही बोलत नाहीत. उलट चेष्टेने सांगतात की तिची वस्त्रे आजीच्या काळातली होती, पण राजपुत्राने ते तिला सांगितले नाही. आता तुझी मुलगी घे. ती १९२० च्या सिंहस्थात झोपली असेल, तर २ मार्च १९३० ला तिच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ती झोपेत होती. देश स्वतंत्र झाला तेव्हाही झोपेतच. जाग आल्यावर नऊवारीतली ही मुलगी मंदिराच्या दाराशी उभी राहील आणि कोण आत जात आहे ते पाहील. जागी असती तर ती दाराच्या कोणत्या बाजूला उभी राहिली असती, हे तिला कोणी विचारील का? की ती स्वतःच विचारील? हे तू ठरवायचे आहेस, आणि ते सोपे नाही.

प्रश्न : परीकथेवर कादंबरी लिहिताना कोणाची परवानगी लागते का? हक्काचा भंग झाला, असे कोणी म्हणेल का?
— एक नवलेखक, सातपूर, नाशिक

उत्तर : भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. विल्हेल्म ग्रिम १८५९ साली आणि याकोब ग्रिम १८६३ साली वारले; पेरॉ तर त्याहून कितीतरी जुने. त्यांच्या कथा सर्वांच्या आहेत. परंतु त्यांचे अलीकडचे भाषांतर त्या भाषांतरकाराच्या मालकीचे असते, आणि चित्रपटाने घातलेली भर चित्रपटकर्त्यांची असते. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिमांनी नावे दिलेली नाहीत. आज मुलांच्या तोंडी असलेली नावे १९३७ च्या चित्रपटातली आहेत. ती घेऊ नयेत. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या विशिष्ट रीतीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून आजच्या एखाद्या कादंबरीवरून स्फूर्ती आली असेल, तर ती कादंबरी मिटून ठेवावी आणि जुन्या कथेकडे परत जावे. लिहिताना टेबलावर कोणते पुस्तक उघडे असते, यावर बरेच काही अवलंबून असते.

प्रश्न : शंभर वर्षे झोपली तर राजकन्येला स्वप्ने पडली असतील ना? कोणत्याच पुस्तकात का नाहीत?
— इयत्ता सहावीतील वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : एका पुस्तकात आहेत. राजकन्या जागी होते तेव्हा राजपुत्र गोंधळलेला असतो आणि ती मात्र भराभर बोलत असते. पेरॉ यांनी त्याचे कारण दिले आहे : काय बोलायचे याचा विचार करायला तिला भरपूर वेळ मिळाला होता, कारण चांगल्या परीने तिला इतक्या लांब झोपेत सुखाची स्वप्ने दिली असावीत. मात्र लगेच कंसात ते असेही सांगून टाकतात की गोष्टीत तसे काही म्हटलेले नाही. स्वप्नांत काय होते, ते त्यांनी सांगितले नाही. तुझ्या मते काय असेल, ते कळव.